चूक सांगायलाही आधार लागतो

नवजात बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, मग भरून येतं. त्यामुळे तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी नोंदवहीत अडीच किलोच लिहिलेलं दिसलं, तर शंका येणारच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांसाठी उभ्या केलेल्या घरभेटींच्या कामाची सगळी मदार अशाच नोंदींवर होती, आणि आज गावोगावच्या आशाताई तेच काम करतात. पण मासिक बैठकीत नर्सताईंनी सगळ्यांदेखत "वजन घेतलंच नाही ना?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "घेतलं ना मॅडम, काटाच तसा दाखवते!"

या उत्तराला मी लबाडी म्हणणार नाही. 'मी भली आहे, कामाची आहे' ही स्वतःची प्रतिमा माणूस जिवापाड जपतो, असं मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलं. तिला धक्का बसतोय असं वाटलं, की समोरचं म्हणणं खरं की खोटं हे न बघताच आपण ते परतवतो. मात्र त्या प्रतिमेला दुसरीकडून आधार मिळाला, तर तेच म्हणणं पचतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी पिणाऱ्या स्त्रियांना, कॅफिनचा स्तनांच्या आजाराशी संबंध असल्याचं सांगणारा मजकूर वाचायला दिला. आधी स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींचा विचार करायला मिळालेल्या स्त्रियांनी तो जास्त मोकळेपणाने स्वीकारला. त्या गोष्टींचा कॉफीशी काडीचाही संबंध नव्हता!

इथे आधार स्वतःचा स्वतःला होता. सहकाऱ्याच्या शब्दातही ती ताकद असते, असं मला ठामपणे वाटतं. समजा, शेजारच्या गावची आशाताई मध्येच म्हणाली, "नाला भरला होता मॅडम, तरी हे तिसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या घरी गेली होती. मले माहीत आहे." मग पहिलीचा आवाज खाली येतो. "खरं सांगू का, आजी बाळाले काट्याले टांगूच देत नाही. दृष्ट लागते म्हणते." अडचण कळली, की नर्सताईंना सोबत जाऊन आजीशी बोलता येतं.

कौतुक मात्र खरं आणि नेमकं हवं. 'तुमच्यासारखं कोणीच नाही' अशा फुगवलेल्या स्तुतीने आत्मविश्वास कमी असलेली मुलं अवघड कामं टाळू लागतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं.

चूक सांगायची भीती नसली की काय होतं, हे रुग्णालयांतही दिसलं. संशोधक एमी एडमंडसन यांनी तिथल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या पथकांत चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती, पण तिथेच जास्त नोंदलेल्या सापडल्या. त्या पथकांतल्या परिचारिका चूक झाली की मोकळेपणाने सांगत. जिथे बोलणी खाण्याची धास्ती होती, तिथे चुका दडवल्या जात.