सज्जनगड, मिरज, औंध : अक्षरकलेच्या प्रदर्शनाची पार्श्वभूमी

अक्षरकलेच्या समूह-प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवल्या की सांगली-साताऱ्याकडची मुलं अर्ज भरायला बसतात आणि विभागाच्या रकान्याशी अडतात. सुलेखन, लेटरिंग की टायपोग्राफी? बोरूनं किंवा कटनिबनं (तिरप्या कापलेल्या टोकाच्या लेखणीनं) एका झटक्यात लिहिलेलं ते सुलेखन, पेन्सिलीनं बांधून, घोटून, रंगवून काढलेलं ते लेटरिंग, आणि तयार खिळे (छपाईचे धातूचे अक्षरठसे) किंवा फॉन्ट घेऊन केलेली मांडणी ती टायपोग्राफी. तिन्हींचे कारागीर वेगळे आणि शिस्तही वेगळी. ही कला मुंबई-पुण्याची, आपण तिथं जाऊन ती शिकायची, असा समज आपल्याकडं फार रुजलाय. तो मला मान्य नाही, कारण या तिन्ही कामांची मुळं आपल्याच दोन जिल्ह्यांत सापडतात.

सुलेखनाचं सर्वांत जुनं पाठ्यपुस्तक म्हणावं असं लेखन समर्थ रामदासांचं आहे. त्यांची समाधी साताऱ्याजवळ सज्जनगडावर. दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे आणि तो चित्रकलेच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवावा इतका नेमका आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. काळेपणा, टाकाची जाडी, वळण सगळीकडं सारखं असावं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं. ओळीला ओळ लागू नये, मात्रा वरच्या ओळीत घुसू नये, लांब अक्षर खालच्या ओळीला टेकू नये. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळं दोन ओळींत किती जागा सोडायची, हा प्रश्न आज पोस्टर करणाऱ्यालाही तितकाच छळतो. पानाच्या कडेला सोडायच्या समासाबद्दलही त्यांनी सांगून ठेवलंय: भोवती जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. प्रवेशिका माउंट करताना कडेपर्यंत भरलेली रचना चौकटीखाली कापली जाते, तेव्हा हेच आठवावं.

समर्थ बोलतात ते बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षराबद्दल. रोजचा व्यवहार मात्र मोडीत, म्हणजे भरभर लिहायच्या जुन्या लिपीत, चालायचा, आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. जमिनीचे जुने कागद ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती वळणं पाहिली असतील: आधी आडवी रेघ पानभर ओढलेली आणि मग हात न उचलता खाली सोडलेली अक्षरं.

छपाईचा पहिला मोठा टप्पा मिरजेत घडला. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानं एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवलं होतं. नाना फडणवीसांना त्या कलेतून भगवद्गीता छापून घ्यायची होती. १८०० मध्ये नाना गेले आणि काम थांबलं. पुढं तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ मध्ये मिरजेत ताम्रपटांवरून गीता छापली गेली. त्यातली मेहनत डोळ्यांसमोर आणून पाहावी. कागदावर अक्षर सुलट उमटायचं तर पत्र्यावर ते उलटं कोरावं लागतं. प्रत्येक काना उजवीकडचा डावीकडं, प्रत्येक वेलांटीचं तोंड फिरवलेलं, आणि एक रेघ घसरली तर पुसायला खोडरबर नाही. शिवाय कोरलेला पत्रा त्या एकाच पानाचा. पान बदललं की पुन्हा पहिल्यापासून कोरणं आलं. त्याच १८०५ साली तिकडं बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं. सुटे खिळे पुन्हा पुन्हा वापरता येत, म्हणून पुढचा काळ त्यांचा झाला. तरीही हातानं आखलेलं, एकाच कामासाठी घडवलेलं अक्षर म्हणून मिरजेच्या गीतेकडं पाहिलं, तर ती आजच्या लेटरिंगची सख्खी पूर्वज ठरते.

खिळ्यांचा पुढचा इतिहास मुंबईचा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत असतो: अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं पाडलेले मराठी खिळे, गणपत कृष्णाजींचा छापखाना, मग जावजी दादाजींचं निर्णयसागर. तो इथं लांबवत नाही.

आपल्याकडं त्यानंतरची मोठी जागा म्हणजे सातारा जिल्ह्यातलं औंध संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकारच. ते लाहोर सोडून औंधला आले आणि स्वाध्याय मंडळातर्फे त्यांनी वेदांच्या संहिता छापायला घेतल्या. ऋग्वेदाच्या मजकुरात उच्चाराचे चढउतार दाखवायला अक्षराखाली अनुदात्ताची आडवी रेघ आणि अक्षरावर स्वरिताची उभी रेघ येते. म्हणजे मात्रा, रफार, अनुस्वार या सगळ्यांच्या गर्दीत आणखी दोन खुणा बसवायच्या, त्याही न चुकता, कारण स्वर चुकला तर पाठ चुकला. खेड्यातल्या छापखान्यात हे काम होत होतं. टायपोग्राफी विभागात काही पाठवणाऱ्यानं ही पानं एकदा तरी भिंग घेऊन पाहावीत.

किर्लोस्करवाडीही औंधच्याच राजाश्रयानं १९१० मध्ये उभी राहिली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते, पण रंगांधळेपणामुळं त्यांना यांत्रिक रेखनाकडं वळावं लागलं. त्यांचे पुतणे शंकरराव सातवळेकरांकडं चित्रकला शिकलेले. त्यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं आणि पाठोपाठ ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याशेजारी छापलेली ही मासिकं महाराष्ट्रभर गेली. अक्षर आणि चित्र यांचा एकत्र विचार करणारा संपादक त्यांना लाभला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाटकाचा धागाही इथलाच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं आणि पुढं नाटकाच्या जाहिरातीनं मराठी अक्षराला भरपूर काम दिलं. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) नाटकांची नावं अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातल्या दोन इंचांच्या जागेत नाटकाचा स्वभाव कळावा. मुळात हे जाहिरातीचं काम, पण आज त्याला कोणीही कला म्हणेल.

हा मान सहज मिळालेला नाही. जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला आणि उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था १९६१ मध्ये झाली. तोवर अक्षर काढणारा तो पेंटर, असाच हिशेब होता. र. कृ. जोशी यांनी जाहिरात, आयआयटीतलं अध्यापन आणि संगणक या तिन्ही ठिकाणी देवनागरीचा पाठपुरावा केला. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची वळणं देवनागरीत आणली. आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं २००८ पासून टायपोग्राफी डे भरू लागला आणि विद्यार्थ्यांच्या पोस्टरांना नवं व्यासपीठ मिळालं. गावोगावच्या मुलांना अक्षराची गोडी लागते ती मात्र शाळेतल्या चित्रकला ग्रेड परीक्षेच्या अक्षरलेखनातून, चौकटी आखून काढलेल्या ठळक अक्षरांतून.

फ्लेक्स आल्यावर बाजारपेठेतल्या रंगवलेल्या पाट्या भराभर गेल्या. सुतानं खडूची रेघ मारायची, शिरोरेषा आधी पक्की करायची, मग चपट्या ब्रशनं अक्षरं तिला टांगत न्यायची, ही पद्धत जाणणारे पेंटर अजून आहेत. त्यांच्याकडून मुलांनी आत्ताच शिकून घ्यावं आणि त्या हातचं काम लेटरिंग विभागात हक्कानं पाठवावं.

प्रवेशिकेपुरतं दोनच सांगतो. संगणकावरची रचना असेल तर फाईल देण्याआधी मजकूर आउटलाईनमध्ये (अक्षरांच्या नुसत्या आकारांत) बदला, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की रफार सुटतो आणि जोडाक्षरं तुटतात. आणि मोडीतली रचना असेल तर सोबत बाळबोधीत मजकूर जोडा, कारण निवड समितीत सगळ्यांना मोडी वाचता येईलच असं नाही.