कॅथलिक प्राथमिक शाळा (पुणे)

रोमन कॅथलिक धर्मप्रांताने (बिशपांच्या अखत्यारीतील चर्चच्या प्रांताने) किंवा एखाद्या व्रतस्थ संघाने (धार्मिक व्रते घेतलेल्या धर्मगुरूंच्या वा सिस्टरांच्या संघाने) चालवलेल्या, बालवर्गापासून इयत्ता चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेस कॅथलिक प्राथमिक शाळा म्हणतात. पुण्यात अशी शाळा बहुधा स्वतंत्र नसते. माध्यमिक शाळेच्याच आवारात, वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या मजल्यावर ती भरते आणि पालकांच्या बोलण्यात ‘प्रायमरी सेक्शन’ म्हणून ओळखली जाते. चर्चच्या कायदेसंहितेतील ८०३ व्या कलमानुसार शाळा चर्चच्या अधिकाऱ्याच्या किंवा चर्चमान्य संस्थेच्या नियंत्रणाखाली असावी, तिचे शिक्षण कॅथलिक शिकवणीच्या तत्त्वांवर उभे असावे, आणि चर्चच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेने ‘कॅथलिक’ हे नाव लावू नये. पुणेकरांच्या बोलीत मात्र हा काटेकोरपणा टिकलेला नाही. जोगिणींचा मठ या अर्थाचा ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द येथे कोणत्याही इंग्रजी शाळेला लावला जातो, आणि ‘सेंट’ किंवा ‘बिशप’ असे शब्द नावात दिसले की शाळा कॅथलिकच असणार, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः बिशप्स आणि सेंट मेरीज् या पुण्यातील दोन नामांकित शाळा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, परंपरेतल्या आहेत.

पुण्यातील कॅथलिक वस्ती इंग्रजी छावणीच्या आधीची आहे. पेशव्यांच्या सैन्यातील गोव्याकडच्या कॅथलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा मिळाली आणि १७९२ मध्ये नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ चर्च उभे राहिले. ते आजही ‘सिटी चर्च’ म्हणून परिचित आहे. शाळांचा विस्तार मात्र छावणीच्या आश्रयाने झाला. सेंट पॅट्रिक कॅथीड्रल १८५० मधले, तर मुलींसाठीचे जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट १८६० मधले आहे, आणि मुलांसाठी जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या व्रतस्थ संघातील, धर्मगुरूंनी सेंट व्हिन्सेंट्स १८६७ मध्ये काढले. १८८६ मध्ये पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व बर्नहार्ड बायडरलिंडेन हे त्याचे पहिले बिशप झाले. पुढे शहर पश्चिमेकडे वाढले तशा शाळाही कॅम्पाबाहेर गेल्या. पाषाण रस्त्यावरील लोयोला ही जेझुइटांची शाळा १९६१ मधली आहे.

शाळा कोणाची, हे पालकांना प्रवेशाच्या वेळी फारसे महत्त्वाचे वाटत नाही. तक्रारीची वेळ आली की ते महत्त्वाचे ठरते. काही शाळा थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे अंतिमतः बिशपांच्या अखत्यारीत येतात. काही जेझुइट, अपोस्टोलिक कार्मेल किंवा तत्सम व्रतस्थ संघांच्या असतात आणि त्यांचे निर्णय संघाच्या प्रांतप्रमुखांकडे होतात. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरची दर काही वर्षांनी बदली होते. त्यामुळे शाळेची स्मृती प्रत्यक्षात सिस्टरांपेक्षा वीस-पंचवीस वर्षे एकाच वर्गाला शिकवणाऱ्या मिसकडे, कार्यालयातील कारकुनाकडे आणि बालवर्गाच्या मावशींकडे राहते. कोणत्या मुलाला घ्यायला आजोबाच येतात, कोणाच्या घरी आई-वडिलांचे वेगळे राहणे सुरू आहे, हे या मावशींना आधी कळते.

कॅथलिक शाळा असली तरी वर्गात कॅथलिक मुले सहसा अल्पसंख्यच असतात. त्यांच्यातही गोव्याची, मंगळूरची, तमिळ आणि मराठी अशी घरे असतात. मराठी कॅथलिकांपैकी अनेकांची मुळे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाललेल्या मिशनकार्यात आहेत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला ही कुटुंबे पुण्याहून जातात. घरी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणणारे मूल शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत शिकते, आणि शेजारच्या बाकावरचे मूल घरी शुभंकरोति म्हणून आलेले असते. शिक्षकवर्गही असाच मिश्र असतो.

या मिश्रणाचा रोजचा अनुभव सकाळच्या परिपाठात येतो. प्रार्थना, राष्ट्रगीत, ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा, एखादा सुविचार आणि वाढदिवस असलेल्या मुलांसाठी टाळ्या हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत संविधानाची उद्देशिका प्रवेशद्वाराशी लावावी, ती परिपाठात रोज म्हणावी, शक्य तेथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवावी आणि अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नये, असे स्पष्ट सांगितले. शेवटच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून वेळापत्रकात एक तास फुटतो: कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेला वर्ग ‘मॉरल सायन्स’, म्हणजे मूल्यशिक्षण, शिकतो. साधारण तिसरी-चौथीत कॅथलिक मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधील उपासनेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, होतो. एरवी सगळ्यांसारख्याच गणवेशात असणारी पाच-सहा मुले त्यानंतरच्या सोमवारी वर्गाला फोटो दाखवतात, आणि वर्गातील बाकीच्यांना आपल्या मित्राचा धर्म बहुधा तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे जाणवतो.

मूल्यांचा जाहीर पाया दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या शिक्षणविषयक घोषणेत आहे. स्वातंत्र्य आणि प्रेम यांनी भारलेले वातावरण शाळेत निर्माण करणे हे कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य असावे, असे तीत म्हटले आहे. त्याखेरीज प्रत्येक संघाचा स्वतःचा वारसा असतो. जेझुइट शाळांत ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ हे १९७३ मध्ये जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी मांडलेले सूत्र वारंवार ऐकू येते. सात वर्षांच्या मुलाला ते डबा वाटून खाण्याच्या रूपात समजते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वर्गात ठेवलेल्या डब्यात मुलांनी खाऊचे पैसे टाकणे, नाताळाआधी वृद्धाश्रमासाठी मूठ-मूठ धान्य गोळा करणे या प्रथाही त्याच जातीच्या. यात एक धोका असतो आणि चांगल्या शाळा तो ओळखतात: धान्य आणणे हे सक्तीचे किंवा चढाओढीचे झाले, की ज्या घरी मूठभर देणेही जड आहे त्या मुलाला दानाऐवजी संकोच शिकायला मिळतो.

शहराच्या चालीरीतींपासून या शाळा अलिप्त राहू शकत नाहीत, आणि राहतही नाहीत. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत आणि तुकारामांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. सिटी चर्च याच परिसरात आहे. त्या दिवसांत रस्ते बंद होतात आणि शाळांना वेळा बदलाव्या लागतात किंवा सुटी द्यावी लागते. वसईचे थॉमस डाबरे, जे २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे बिशप होते, त्यांनी डॉक्टरेट तुकारामांच्या ईश्वरानुभवावर केलेली आहे. पुण्यातल्या कॅथलिक शाळांविषयी ‘बाहेरच्या’ म्हणून बोलले जाते तेव्हा हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विद्यार्थिसुरक्षेकडे वळताना आधी या शाळांच्या लौकिकाची दुसरी बाजू पाहावी लागते. ‘सिस्टरांची शाळा आहे, काळजी नाही’ हे वाक्य पुण्यात पिढ्यान् पिढ्या ऐकू येते आणि त्या विश्वासामागे खरे श्रम आहेत. पण त्याच विश्वासात शिस्तीच्या नावाखाली पट्टी, अंगठे धरून उभे करणे, वर्गाबाहेर काढणे हे प्रकारही दीर्घकाळ खपून गेले, आणि घरी सांगितले तर ‘तूच काहीतरी केले असशील’ हे उत्तर तयार असे. सुरक्षेचे नियम नेमके या जागी लागतात. माणूस चांगला आहे या समजुतीवर त्यांनी अवलंबून राहायचे नसते.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने मनाई केली. मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांना (कॅथलिक शाळा त्यांत येतात), त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये प्रमति खटल्यात दिला. त्यावरून या शाळांत मारण्याची मुभा आहे, असा अर्थ काढणे चूक ठरेल. बालन्याय कायदा, २०१५ च्या ७५ व्या कलमानुसार मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण किंवा क्रूरता करणे हा गुन्हा आहे आणि त्यात शाळेच्या मालकीचा प्रश्न येत नाही.

लैंगिक अत्याचारांबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा सर्व शाळांना सारखाच लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे १९ व्या कलमाने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षणसंस्थेतील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आवश्यक केली. कॅथलिक शाळेवर याखेरीज चर्चची अंतर्गत बंधनेही असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार धर्मगुरू आणि व्रतस्थ यांनी अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्याला देणे सक्तीचे झाले. त्याच आदेशात देशाच्या कायद्याने घातलेले दायित्व अबाधित राहील, असेही म्हटले आहे. बिशपांना कळवले म्हणून पोलिसांना कळवण्याची गरज संपत नाही. ही गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही वाटा शाळेतील प्रत्येक प्रौढ माणसाला, शिपायासह, माहीत असणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत विद्यार्थिसुरक्षेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा शासननिर्णय निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत बालवर्गातील मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाल्यानंतर २१ ऑगस्टच्या शासननिर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि समित्यांचे कामकाज यांविषयी पुन्हा बजावले. यांतील तक्रारपेटी हा उपाय प्राथमिक शाळेपुरता तोकडा आहे. ज्याला अजून जोडाक्षरे लिहिता येत नाहीत, ते मूल चिठ्ठी टाकणार नाही. ते सांगेल तर बोलून, किंवा शाळेत जायचे नाही म्हणून पोट दुखत असल्याचे सांगेल. म्हणून लहान वर्गांत खरा भर चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवण्यावर, स्वच्छतागृहापर्यंत मावशींनी सोबत करण्यावर आणि एकांतात मूल व प्रौढ राहणार नाहीत अशा रचनेवर द्यावा लागतो. दारांना काचेचे तावदान असणे हा साधा सुतारी उपाय यात अनेक परिपत्रकांपेक्षा उपयोगी पडतो. धर्मगुरू मुलांचे पापनिवेदन ऐकतात तेव्हाही इतरांना दिसेल, पण ऐकू येणार नाही, अशी जागा निवडणे याच विचारातले आहे.

सुरक्षेची सर्वांत नाजूक वेळ शाळा सुटण्याची असते. फाटकाशी रिक्षा, व्हॅन, दुचाक्या आणि आजी-आजोबा यांची एकच गर्दी उसळते. वर्गशिक्षिका मुलांची ओळ फाटकाच्या आत थांबवते, घ्यायला आलेल्याने मुलाचे नाव असलेले कार्ड दाखवायचे, ती नाव पुकारते आणि मूल ओळीतून सुटते. कार्ड विसरून आलेल्या सख्ख्या मामालाही थांबवून आईला फोन लावणारी मिस त्या क्षणी अप्रिय होते. पण नियम तिच्यामुळेच जिवंत राहतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि बसला वेगनियंत्रक लागतो. रिक्षाकाका मात्र शाळेचे नोकर नसतात, पालकांनी आपसांत ठरवलेले असतात, आणि फाटकापलीकडे शाळेची नजर संपते तेथेच त्यांचे काम सुरू होते.

बहुतेक शाळांत सुरक्षेचे धोरण विद्यार्थ्याच्या डायरीत छापलेले असते आणि ते इंग्रजीत असते. ज्यांनी ते रोज पाळायचे त्या मावशी, पहारेकरी आणि रिक्षाकाका मराठी वाचतात, किंवा मुळीच वाचत नाहीत. पालकांपैकीही अनेकांच्या घरात इंग्रजी वाचणारी ती पहिलीच पिढी, म्हणजे ते मूलच, असते. डायरीच्या मागच्या पानावरचा १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक तेवढा कोणत्याही भाषेत वाचता येतो.