गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली: इंदूरमध्ये अपील कसं करायचं?

‘कबूल केलंस ना, मग आता कसलं अपील?’ असं घरचेही म्हणतात, ओळखीचेही म्हणतात, आणि माणूस गप्प बसतो. कायदा मात्र एवढा कडक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 नुसार (जुन्या कागदांवर दंड प्रक्रिया संहितेचं कलम 375 दिसेल) कबुलीवरून दोषी ठरवल्यावर दोषाविरुद्ध अपील होत नाही; पण शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, या दोन मुद्द्यांवर होतं.

मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर अपील इंदूरच्या सत्र न्यायालयात, मुदत 30 दिवस. सत्र न्यायालयानं दिली असेल तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात, मुदत 60 दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडता येतं, पण कारण खरं आणि कागदावर दाखवता येईल असं हवं.

काही प्रकरणांत हे दार बंद असतं. प्रथम श्रेणी मॅजिस्ट्रेटनं फक्त 100 रुपयांपर्यंत दंड केला असेल, किंवा संक्षिप्त खटल्यात 200 रुपयांपर्यंत, तर अपील नाही. प्ली बार्गेनिंगमधून, म्हणजे सरकारी पक्ष आणि फिर्यादीशी रीतसर तडजोड करून आलेला निकालही अंतिम असतो. तिथे रिट (उच्च न्यायालयाकडे करायचा खास अर्ज) किंवा सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती एवढेच मार्ग उरतात. म्हणून तुमची कबुली साधी होती की प्ली बार्गेनिंगची, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

आता मुद्दे कोणते घ्यायचे? इथेच बहुतेक अपिलं कच्ची राहतात. ‘गरीब आहे, दया करा’ एवढ्यावर भागत नाही. पहिला गुन्हा असेल आणि 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) लाभ देता येत असूनही दिला नसेल, तर तो का नाकारला याची खास कारणं निकालात लिहिलेली असावी लागतात. ती आहेत का, पाहा. परिवीक्षा अपिलातही मिळू शकते. खटल्याआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा झालेत का, तेही तपासा. आणि कबुलीची नोंद नीट वाचा. समन्स खटल्यात (कमी गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात) ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहायची असते. माणसाला आरोप समजलाच नव्हता, कुणीतरी ‘हो म्हण, सुटशील’ सांगितलं म्हणून तो हो म्हणाला, असं असेल तर ती खरी कबुलीच नव्हे, हा मुद्दा घेता येतो. आपल्याकडची वयस्कर मंडळी कोर्टातली हिंदी ऐकून मान डोलावतात. त्यांच्याबाबत ही नोंद मी सगळ्यात आधी पाहायला सांगेन.

भरपाईचा आदेश (हिंदी निकालात ‘प्रतिकर’) कलम 395 खाली होतो. भरपाई दंडाच्या रकमेतून द्यायची असेल, तर अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील केलं असल्यास त्याचा निर्णय होईपर्यंत, ती फिर्यादीला दिली जात नाही. दंडाशिवाय वेगळी भरपाई लावली असेल, तर स्थगिती स्वतंत्रपणे मागा. रक्कम ठरवताना देणाऱ्याची ऐपत पाहावी, हप्तेही देता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्येच सांगितलं आहे. म्हणून पगाराची पावती, घरभाड्याचा करार, औषधांची बिलं, मुलांची फी हे सगळं जोडा. चेक बाऊन्सच्या प्रकरणात अपील कोर्ट किमान 20 टक्के रक्कम 60 दिवसांत भरायला सांगू शकतं. ही अट प्रत्येकाला सरसकट लावायची नाही, असं 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. सूट हवी असेल तर कारणांसह मागा.

कागदपत्रं अशी: निकालाची प्रमाणित नक्कल (कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत द्यावी लागते), आरोप आणि कबुलीच्या नोंदीची नक्कल, अपिलाचा मसुदा, वकालतनामा, आधार कार्ड, दंड भरल्याची पावती आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज. नुसतं अपील दाखल केल्यानं शिक्षा थांबत नाही. कलम 430 खाली स्थगिती आणि जामीन वेगळा मागावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल, आधीपासून जामिनावर असाल आणि अपील करणार असल्याचं सांगितलंत, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता वेळ देऊ शकतं. जामीनदाराकडून बहुधा ऋणपुस्तिका (शेतजमिनीच्या मालकीची सरकारी पुस्तिका) मागतात, ती तयार ठेवा.

‘अपील केलं तर शिक्षा वाढेल’ ही भीती अनेकांना मागे खेचते. तुमच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं. भरपाई कमी वाटली तर पीडितालाही.

माणूस तुरुंगात असेल तर अपील तुरुंग अधिकाऱ्याकडे दिलं तरी चालतं, ते पुढे कोर्टात पाठवणं त्यांचं काम आहे. कोठडीतल्या व्यक्तीला, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा, आणि तो अपिलाच्या मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच करा.