मॉड्युलर ब्लॉकचेन

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरांनी मिळून सांभाळलेली, व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) जोडत जाणारी सामाईक नोंदवही. मॉड्युलर ब्लॉकचेन म्हणजे सगळी कामं एकाच नेटवर्कच्या गळ्यात न घालता वेगवेगळ्या थरांवर वाटून द्यायची पद्धत. कामं ढोबळमानाने चार धरतात. व्यवहार चालवून नवीन शिल्लक काढणं म्हणजे एक्झिक्युशन, वाद झाला तर शेवटचा निकाल जिथे लागतो ते सेटलमेंट, व्यवहारांचा क्रम ठरवणं म्हणजे कन्सेन्सस, आणि चौथं, ज्याकडे सुरुवातीला फारसं लक्षच गेलं नव्हतं, ते डेटा अव्हेलेबिलिटी, म्हणजे ब्लॉकमधला सगळा डेटा खरंच सगळ्यांसाठी बाहेर टाकलाय ना याची खात्री. बिटकॉइन आणि सुरुवातीचं इथेरियम ही चारही कामं एकाच ठिकाणी करायचे, अशा डिझाइनला मोनोलिथिक म्हणतात.

स्केलेबिलिटीची, म्हणजे जास्त व्यवहार पेलण्याची, अडचण इथूनच सुरू होते. बिटकॉइन सेकंदाला साधारण ७ व्यवहार करतं, इथेरियमचा मूळ थर १५ च्या आसपास. २०१७ च्या शेवटी क्रिप्टोकिटीज नावाचा मांजरांचा गेम आला आणि तेवढ्यानेच इथेरियम तुंबलं. मग ब्लॉक मोठा करा की, असं कुणालाही वाटेल, बिटकॉइनवाल्यांमध्ये तर यावरून इतकी भांडणं झाली की १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश ८ एमबीचा ब्लॉक घेऊन वेगळं झालं. पण ब्लॉक मोठा झाला की नोड, म्हणजे हिशोब तपासणारा कॉम्प्युटर, चालवायला तगडं मशीन आणि जाड इंटरनेट लागतं, साध्या लॅपटॉपवाला बाहेर पडतो आणि हिशोब तपासणारे मोजकेच उरतात. वेग, सुरक्षितता आणि विकेंद्रीकरण ही तिन्ही एकदम मिळत नाहीत, या ओढाताणीला इथेरियमचा सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिनने स्केलेबिलिटी ट्रायलेमा म्हटलं. माझ्या मते खरा प्रश्न वेगाचा नाहीच, वेग मिळवणं सोपं आहे, सामान्य माणसाला स्वतःच्या मशीनवर तपासता येणं टिकवून वेग मिळवणं अवघड आहे.

त्यावर रोलअप आले. रोलअप व्यवहार स्वतःकडे चालवतो आणि त्यांचा गठ्ठा खालच्या थरावर, म्हणजे इथेरियमसारख्या मुख्य चेनवर, टाकतो. आर्बिट्रम, ऑप्टिमिझमसारखे ऑप्टिमिस्टिक रोलअप निकाल बरोबर आहे असं धरून चालतात आणि आक्षेप घ्यायला साधारण ७ दिवस देतात, म्हणून अधिकृत ब्रिजने, म्हणजे दोन चेनमध्ये पैसे नेणाऱ्या पुलाने, पैसे मुख्य चेनवर परत आणायला आठवडा जातो. स्टार्कनेटसारखे झेडके (झिरो-नॉलेज) रोलअप निकाल बरोबर असल्याचा थेट गणिती पुरावाच जोडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्युटेरिनने रोलअपकेंद्री रोडमॅप मांडला आणि इथेरियमची दिशाच बदलली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डेटा. रोलअप चालवणाऱ्याने डेटा दडवला तर आक्षेप कशाच्या आधारावर घेणार? आणि तो पूर्ण डाउनलोड करून बघायचा तर पुन्हा मोठं मशीन आलंच. इथे शितावरून भाताची परीक्षा करतात तसं सॅम्पलिंग कामाला येतं, फक्त एक अडचण असते, हजार तुकड्यांतला एकच दडवला तर चार-दोन शितं तपासून तो सापडणार नाही. म्हणून आधी इरेझर कोडिंग करतात, म्हणजे १००० तुकड्यांचे २००० करायचे, असे की त्यातल्या कुठल्याही १००० वरून पूर्ण डेटा परत उभा राहतो. आता लबाडी करायची तर निम्म्याहून जास्त तुकडे दडवावे लागतात, आणि तपासणाऱ्याने मनाला येईल तो तुकडा मागितला की पकडले जायची शक्यता दरवेळी निम्म्याच्या वर. २० तुकडे तपासले की तपासणारा फसायची शक्यता १० लाखांत एकाहून कमी, तेही ब्लॉक पूर्ण न उतरवता! शिवाय तपासणारे वाढले की ब्लॉकही सुरक्षितपणे मोठा करता येतो, हे जुन्या डिझाइनमध्ये जमतच नव्हतं.

या कल्पनेचा पाया २०१८ मध्ये मुस्तफा अल-बासम, अल्बर्टो सोनिनो आणि ब्युटेरिन यांच्या पेपरमध्ये आहे. अल-बासमने २०१९ मध्ये लेझीलेजर मांडलं, त्याचंच पुढे सेलेस्टिया झालं आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला ते सुरू झालं. सेलेस्टिया फक्त क्रम लावतं आणि डेटा उपलब्ध ठेवतं, व्यवहार खरा की खोटा हे बघतच नाही. इथेरियमने १३ मार्च २०२४ च्या डेन्कुन अपग्रेडमध्ये रोलअपसाठी ब्लॉब, म्हणजे तात्पुरते ठेवायचे डेटाचे गठ्ठे, आणले, एकेक १२८ केबीचा, साधारण १८ दिवसांनी नोड तो टाकून देऊ शकतात, आणि रोलअपची फी धाडकन खाली आली. डिसेंबर २०२५ च्या फुसाका अपग्रेडमध्ये पीअरडास म्हणजे सॅम्पलिंगची सोयही आली. यात भारतीय हातही आहे, अव्हेल हा डेटा थर अनुराग अर्जुनच्या पुढाकाराने पॉलिगॉन या इथेरियमशी जोडलेल्या नेटवर्कमधून २०२३ मध्ये वेगळा झाला.

सगळ्यांना हे पटत नाही. सोलाना नावाचं नेटवर्क एकाच चेनवर सगळं वेगात करतं आणि वापरणाऱ्याला सोपं जातं, हे मान्य करायलाच हवं, पण तिथल्या व्हॅलिडेटरला, म्हणजे ब्लॉक तपासून मंजूर करणाऱ्याला, लागणारं हार्डवेअर घरातलं नाही आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते नेटवर्क १७ तास बंद पडलं होतं.

मॉड्युलरचीही दुखणी आहेतच. बहुतेक रोलअपचा सिक्वेन्सर, म्हणजे व्यवहारांना क्रम लावणारा, अजून एकाच कंपनीच्या हातात असतो, डिसेंबर २०२३ मध्ये आर्बिट्रमचा तासाभराहून जास्त अडकला होता. आणि पैसा विखुरतो, आर्बिट्रमवरच यूएसडीसी हे डॉलरच्या किमतीला बांधलेलं नाणं दोन प्रकारचं आहे, एक सर्कल कंपनीने थेट काढलेलं आणि एक ब्रिजवरून आलेलं यूएसडीसी.ई, दोघांची किंमत एक डॉलर धरतात पण अदलाबदल करायला वेगळा व्यवहार करावा लागतो.