घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना: कागदांमागची दीडशे वर्षं

सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटवरचं कर्ज एका बँकेतून दुसरीकडे न्यायचं म्हटलं, की बोलणं व्याजदरापासून सुरू होतं आणि तिथंच संपतं. कोणी त्याला टेकओव्हर म्हणतं, कोणी बॅलन्स ट्रान्सफर. ऐकायला खातं हलवल्यासारखं वाटतं. कायद्याच्या दृष्टीनं मात्र एक गहाण संपतं आणि दुसरं जन्माला येतं, आणि या दोहोंच्या मधले काही दिवस मूळ खरेदीखत घरमालकाच्या हातात नसतं. कर्ज फेडणं वेगळं आणि कागद सुटणं वेगळं. आपल्या भागात या फरकाची किंमत लोकांनी फार पूर्वीपासून मोजली आहे.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांची मागणी होती कर्जरोख्यांची आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांची. कागद मिळाले तिथं ते जाळले आणि माणसं घरी गेली. पैसे भरूनही पावती नाही, रोखा परत नाही, हिशेब फक्त सावकाराच्या वहीत, ही त्यामागची खदखद होती. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि तो पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुकेही होते. खुद्द सांगली आणि मिरज पटवर्धनांच्या संस्थानांत असल्यानं त्या कायद्याबाहेर राहिली.

या कायद्यानं ऋणकोला लेखी पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क दिला. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त गावच्या निबंधकापुढं झाला पाहिजे, असंही ठरलं. आज आपण बँकेकडून कर्जखात्याचा उतारा सहज मागतो, तसाच उतारा कुळानं सावकाराकडे मागायचा हक्क इथं पहिल्यांदा कायद्यात लिहिला गेला.

गहाणाचे गावाकडचे प्रकार जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. नजरगहाणात जमीन मालकाकडेच राहते, ताबेगहाणात सावकार कसतो आणि उत्पन्न खातो. सगळ्यांत वाईट ती मुदत खरेदी. कागदावर सरळ खरेदीखत, आणि ‘अमुक सालापर्यंत पैसे दिलेस तर जमीन परत’ हा शब्द तोंडी किंवा वेगळ्या चिठ्ठीवर. मुदत टळली की शब्दही हवेत जायचा. म्हणून दख्खनच्या कायद्यात पुढं कलम 10अ घालून, खरेदीखतामागचा खरा व्यवहार गहाणाचा होता का हे तपासायची मुभा कोर्टाला दिली गेली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 1929 च्या दुरुस्तीनं दुसरी बाजूही बांधली: परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण म्हणता येणार नाही. आजही सावकारीच्या वादात वकील पहिल्यांदा हीच अट शोधतात.

हा मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा असला तरी मुंबई इलाख्यात तो 1893 पासून लागू झाला. त्याचं कलम 60 म्हणजे गहाण सोडवून घ्यायचा हक्क. कर्ज दुसरीकडे नेण्याच्या दृष्टीनं मला त्याहून मोलाचं वाटतं ते 1929 मध्येच घातलेलं कलम 60अ. पैसे चुकते करताना मालक सावकाराला सांगू शकतो, की गहाण मला परत करू नकोस, मी सांगतो त्या तिसऱ्याच्या नावे करून दे. म्हणजे टेकओव्हरची कल्पना शंभरेक वर्षं कायद्यात आहे. बँका मात्र बहुधा हा रस्ता न धरता जुनं गहाण पूर्ण फेडतात आणि नवं करून घेतात.

नवं गहाण बहुतेक वेळा मूळ कागद जमा करूनच होतं. ही सोय आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या व्यापारी शहरांपुरती होती, नंतर सरकारी अधिसूचनांनी इतर शहरांत आली. घर विट्यात असलं तरी अडत नाही, कागद कुठल्या गावात दिले त्याला महत्त्व. यातली खोट अशी, की निबंधकाच्या दप्तरात काहीच उमटत नसे आणि एकच फ्लॅट दोन-तीन ठिकाणी गहाण पडे. त्यावर 31 मार्च 2011 पासून सरसाई ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणं बंधनकारक झालं. बँक बदलली की ही सूचना आणि मुद्रांक शुल्क नव्यानं. व्याजातली बचत मोजताना हा खर्च धरावाच.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2012 मध्ये मनाई केली, तेव्हा हा रस्ता सामान्य पगारदाराला खुला झाला.

आज क्रम असा चालतो. जुन्या बँकेकडून येणे रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्यायची. या यादीतली ओळ न ओळ वाचावी: खरेदीखत, नोंदणीची पावती, सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा उतारा), आधीच्या मालकांचे साखळी दस्त. नव्या बँकेचा वकील मालकीचा साधारण 30 वर्षांचा शोध घेतो. मग नवी बँक रक्कम थेट जुन्या बँकेला देते आणि कागदांची वाट पाहते.

ही वाट पूर्वी महिनोन्‌महिने लांबायची. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2023 मध्ये आदेश काढला: पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून तो लागू आहे. कागद बँकेकडून गहाळ झाले, तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायचा खर्चही तिचाच. 2005 आणि 2019 च्या महापुरात ज्यांची कपाटं पाण्यात गेली, त्यांना या तरतुदीचं मोल वेगळं सांगायला नको.

एवढं होऊनही एक जागा राहून जाते. घर सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल, तर इतर हक्कांच्या रकान्यात जुन्या बँकेचा बोजा तसाच दिसत राहतो. शहरात हीच गोष्ट मालमत्ता पत्रकाची. जुन्या बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं उरलं नसल्याचं पत्र, जोडून तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघायचा. नव्या बँकेचा बोजा चढण्याआधी जुना उतरलाय का, हे त्याच उताऱ्यावर कळतं.