सहा महिने पुण्यात, सहा महिने अमेरिकेत : घराला कुलूप लावण्याआधी

मुले अमेरिकेत, घर पुण्यात आणि वर्ष दोन्हीकडे वाटलेले, अशा ज्येष्ठ ग्राहकांची बंद घरे आम्ही सांभाळतो. दरवर्षी निघण्याच्या आठवड्यात तेच प्रश्न येतात आणि तोवर काही गोष्टींना उशीर झालेला असतो. म्हणून हे पत्रक निघण्याच्या निदान महिनाभर आधी वाचावे, आणि घरातल्या दोघांनीही वाचावे.

आधी दिवसांची वही

‘सहा महिने’ हा शब्द प्रत्येक कायदा आपापल्या परीने मोजतो. भारताचा आयकर आणि परकीय चलनाचा कायदा एप्रिल ते मार्च असे वर्ष धरतात. अमेरिकेचा कर जानेवारी ते डिसेंबर मोजतो. इमिग्रेशन खाते तर प्रत्येक फेरी वेगळी मोजते. म्हणून एक साधी वही करा. प्रत्येक प्रवासाची निघण्याची तारीख, पोहोचण्याची तारीख, विमान क्रमांक आणि पासपोर्टवरचे शिक्के तिच्यात नोंदवा. बोर्डिंग पास जपून ठेवा. भारतातले दिवस मोजताना आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही दिवस धरलेले बरे. काठावरच्या हिशोबात एका दिवसानेही फरक पडतो.

उदाहरण घेऊ. १५ एप्रिलला निघून १० ऑक्टोबरला परत आलात आणि मार्च संपेपर्यंत पुण्यातच राहिलात, तर त्या आर्थिक वर्षात (लीप वर्ष नसेल तर) भारतातले दिवस १८८ भरतात. पण नातवंडाच्या जन्मासाठी २० मार्चलाच पुन्हा गेलात, तर ते १७७ होतात. आयकरासाठी तुम्ही तरीही बहुधा निवासीच राहता, कारण वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस हा दुसरा निकष पुरा होतो. परकीय चलनाच्या कायद्यात मात्र मागच्या आर्थिक वर्षात १८२ पेक्षा जास्त दिवस भारतात राहणे ही अट आहे आणि ती इथे चुकते. म्हणजे एकच माणूस एका कायद्यात निवासी आणि दुसऱ्यात बहुधा अनिवासी. मार्चचे तिकीट काढण्याआधी वही उघडा आणि शंका असेल तर सी.ए.ना आधीच विचारा.

पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांसाठी

दहा वर्षांचा बी-२ व्हिसा म्हणजे दहा वर्षे राहण्याची परवानगी नव्हे. किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. बहुतेक वेळा सहा महिने मिळतात, पण गृहीत धरू नका. पोहोचल्यावर दोन दिवसांत ही नोंद ऑनलाइन उघडून तिची प्रत काढा. नावात किंवा तारखेत चूक असेल तर ती तेव्हाच दुरुस्त करून घेणे सोपे असते. मुक्काम वाढवायचा असेल तर आय-५३९ अर्ज ही तारीख उलटण्याआधी गेला पाहिजे. एका फेरीनंतर भारतात किती काळ राहावे याचा लेखी नियम नाही. पण जितके दिवस तिथे, निदान तितके इथे, एवढे पाळले तर पुढच्या वेळी अधिकाऱ्याच्या प्रश्नांना सरळ उत्तर देता येते.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. व्हिसा पर्यटकाचा असला तरी अमेरिकेचा कर दिवस मोजतो. चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याच्या आधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ झाली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तिथे असाल, तर तुम्ही तिथले करनिवासी ठरता. दरवर्षी १७० दिवस राहणाऱ्याची बेरीज सुमारे २५५ होते. दरवर्षी १२१ दिवसांपर्यंत राहिलात तर ती १८३ च्या आत राहते, १२२ दिवसांना बरोबर १८३ भरते. त्याहून जास्त राहायचे असेल, पण त्या वर्षात १८३ च्या आत, तर आपले घर, बँक आणि कुटुंबाचे संबंध भारतातच आहेत असे दाखवणारा फॉर्म ८८४० भरता येतो. पगार किंवा तत्सम उत्पन्न तिथे नसेल तर त्याची मुदत पुढच्या वर्षीचा १५ जून. ग्रीन कार्डासाठी प्रक्रिया सुरू केली असेल तर ही सवलत मिळत नाही. मुलाने आईवडिलांसाठी अर्ज टाकण्याआधी हे घरात बोलून घ्यावे.

ग्रीन कार्ड असणाऱ्यांसाठी

सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास परतताना चौकशी वाढते. वर्षभर बाहेर राहिल्यास ते कार्ड प्रवेशासाठी चालतच नाही. जास्त काळ पुण्यात राहायचे ठरले असेल (गुडघ्याचे ऑपरेशन, घराची विक्री) तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच री-एन्ट्री परमिटचा (पुन्हा प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज करा. हा परमिट साधारण दोन वर्षांचा असतो आणि पुण्यात आल्यावर तो मागता येत नाही. मधेच आठवडाभर न्यू जर्सीला जाऊन यायचे म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. खरे घर कुठे आहे हे अधिकारी एकूण वागण्यावरून ठरवतात.

कार्डधारक जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेला बांधील असतो, मग तिथे चार महिने राहो वा चार दिवस. पुण्यातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी एफबार (परदेशी बँक खात्यांची माहिती) अमेरिकेला द्यावी लागते. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. भारतातले म्युच्युअल फंड तिथे वेगळ्या आणि जाचक नियमांत येतात, तेव्हा नवीन एसआयपी सुरू करण्याआधी तिथल्या कर सल्लागाराला विचारा. भारत-अमेरिका करकरारातली भारतीय निवासी ही बाजू घेऊन तिथे अनिवासी म्हणून विवरण भरण्याचा मोह होतो. कर थोडा वाचतो, पण कार्ड सोडून दिल्याची ती खूण मानली जाऊ शकते. आमच्या मते ही बचत त्या जोखमीच्या तोडीची नाही.

बँक

अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एन.आर.ओ. (अनिवासी व्यक्तीचे रुपयांतले खाते) करावे लागते. एन.आर.ओ. ठेवींच्या व्याजावर ३१.२ टक्के कर आधीच कापला जातो. ज्येष्ठ नागरिक व्याजावर कर कापू नये म्हणून दरवर्षी जे घोषणापत्र देतात (सगळे त्याला १५एच म्हणतात), ते अनिवासी व्यक्तीला देता येत नाही. सवयीने सही करून टाकण्याची चूक इथेच होते. घर भाड्याने दिले असेल तर भाडेकरूनेही अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापून भरायचा असतो. हे करार करतानाच त्याला सांगा, नाहीतर वर्षाअखेर दोघांनाही त्रास होतो.

ओटीपीसाठी भारतातला नंबर जिवंत लागतो. रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि रिचार्ज परतीच्या तारखेनंतर महिनाभर पुरेल असा करा. ९० दिवस नंबर वापरात नसेल आणि शिल्लक २० रुपयांच्या आत असेल तर तो बंद होऊ शकतो. पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये. आधारच्या चेहरा-पडताळणीने तो परदेशातूनही मोबाइलवर देता येतो. ओटीपी आमच्या माणसालासुद्धा कधीच सांगू नका. आम्हाला त्याची गरज पडत नाही.

इथली कामे कोणाला सोपवायची असतील तर मुखत्यारपत्र निघण्याआधी पुण्यातच नोंदवा. तिकडे करायचे झाल्यास नोटरी आणि अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी दाखला), मग ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, एवढा फेरा पडतो.

घर : पावसाळा हाच खरा पाहुणा

बहुतेक ग्राहक एप्रिल-मेमध्ये जातात आणि दिवाळीच्या सुमारास येतात, म्हणजे घर अख्खा पावसाळा बंद राहते. नुकसान होते ते बहुतेक पाण्यानेच, कुठे जास्त झाल्याने, कुठे आटल्याने.

गच्चीला किंवा बाल्कनीला असलेली पाण्याची जाळी पानांनी आणि कबुतरांच्या काड्यांनी तुंबते. उंबरठा बुटका असेल तर पाणी हॉलमध्ये येते आणि लाकडी फर्निचरचे पाय फुगतात. म्हणून जून ते सप्टेंबर आमचा माणूस पंधरा दिवसांनी नव्हे, आठवड्याला येतो आणि आधी जाळी साफ करतो. बाल्कनीतल्या कुंड्या जाळीपासून दूर ठेवा.

उलट बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधले (मोरीच्या जाळीखाली वास अडवण्यासाठी साठलेले) पाणी तीन-चार आठवड्यांत आटते. मग ड्रेनेजचा वास आणि झुरळे थेट घरात. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरा आणि वर अर्धी वाटी खाद्यतेल ओता, म्हणजे पाणी सावकाश आटते. प्रत्येक भेटीत आम्ही लिटरभर पाणी ओततो. मेन कॉक बंद करा, फ्लशची टाकी रिकामी करा, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा.

फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करा आणि दारात कापडाची घडी अडकवून ते उघडे ठेवा. बंद दाराचा फ्रिज पावसाळ्यात आतून काळा पडतो. इन्व्हर्टर पूर्ण बंद केलात तर बॅटरी हळूहळू उतरून कायमची खराब होते. तो चार्जिंगवर राहू द्या, डिस्टिल्ड वॉटर आम्ही बघतो.

कपाटांची दारे बोटभर उघडी ठेवा. पैठणी आणि जरीच्या साड्या प्लॅस्टिकमध्ये कधीच नको, जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. चामड्याचे जोडे, पट्टे आणि पाकिटे यांना सर्वांत आधी बुरशी येते, ती वेगळ्या उघड्या खोक्यात ठेवा. गहू, डाळी, रवा देऊन टाका. सोंडे एका डब्यात राहत नाहीत.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणे किंवा दर पंधरा दिवसांनी १५ किलोमीटर चालवणे, यांपैकी एक निवडा. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने बॅटरी भरत नाही. विमा आणि पीयूसीची तारीख तपासून आम्हाला कळवा.

देवघरातले देव बहुतेक जण नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात, तेच बरे. आमचा माणूस पूजा करत नाही आणि बंद घरात दिवा लावत नाही. तुळशीला पाणी घालतो.

सोसायटीच्या सचिवांना ईमेल आणि परदेशातला नंबर लेखी द्या, कारण वार्षिक सभेची नोटीस बहुधा सप्टेंबरच्या आतच येते. घर नुसते कुलूपबंद असेल तर बिनभोगवटा शुल्क लागत नाही. ते भाड्याने दिल्यावरच लागते, आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. बिलात जास्त दिसले तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन लेखी कळवा. वीजबिल शून्य युनिटचे असले तरी स्थिर आकार येतोच. थकले तर १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते, आणि ती नोटीस बंद दाराखाली पडून राहते.

आमच्याकडे काय द्यावे

एक किल्ली सहीच्या बंद पाकिटात, मेन कॉक आणि मेन स्विचचे फोटो, शेजाऱ्यांचा नंबर, आणि परतीची तारीख. परतीच्या दोन दिवस आधी कळवलेत तर पाणी, गॅस आणि फ्रिज सुरू करून, अंथरुणे उन्हात घालून आणि दूध आणून ठेवतो.