जबड्याचं दुखणं दंतवैद्यांकडे कसं आलं

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की सांधा सरकताना लागतो. तो दुखायला लागला की बरेच जण आधी कानाचा डॉक्टर गाठतात, कान ठीक निघतो आणि मग दंतवैद्याकडे जायला सांगितलं जातं. ही वाट जेमतेम नव्वद वर्षांची आहे. गंमत म्हणजे ती पाडली एका कान-नाक-घसा तज्ज्ञानेच.

त्याआधी वैद्यकाला जबड्याच्या सांध्याचा एकच आजार नीट ठाऊक होता, तो म्हणजे जबडा निखळणं. जांभई देताना तोंड उघडं राहिलं आणि मिटेना, तर काय करायचं, हे इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन वैद्यकीय हस्तलिखितात लिहिलेलं आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या त्या प्रतीत सांगितलंय की अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवा, बाकीची बोटं हनुवटीखाली धरा आणि जबडा मागे जागेवर जाऊ द्या. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या ग्रंथात याच्याशी मिळतीजुळती रीत आहे. सुश्रुतसंहितेत आधी शेक देऊन सांधा बसवायचा आणि वर पंचांगी बंध ही पट्टी बांधायची असं सांगितलंय. आजही अपघात विभागातला डॉक्टर जवळपास हेच करतो, फक्त हातात मोजे असतात. इतकी वर्षं टिकलेला उपचार या सांध्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

निखळण्याखेरीज जे दुखणं होतं, म्हणजे चावताना कळ, तोंड उघडताना कट् असा आवाज, सकाळी आखडलेला जबडा, त्याला स्वतंत्र नाव नव्हतं. १८८७ मध्ये एडिंबराचे शल्यविशारद थॉमस अ‍ॅनंडेल यांनी सांध्यातल्या हाडांमधली सरकलेली चकती शस्त्रक्रियेने जागेवर बसवल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पण अशा शस्त्रक्रिया तुरळकच राहिल्या.

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. कान दडे बसल्यासारखे, कानात आवाज, चक्कर, कानाभोवती आणि डोक्यात दुखणं अशा तक्रारी होत्या. कॉस्टेन यांचं म्हणणं असं की मागच्या दाढा गेल्या किंवा कवळी झिजली की खालचा जबडा जास्तच वर मिटतो, सांध्याचं डोकं मागे दाबलं जातं आणि तिथल्या नसांवर आणि कानाच्या नळीवर ताण येतो. उपाय सरळ होता. कवळी उंच करा, दातांची उंची परत मिळवा, जबडा जागेवर येईल. काही रुग्णांना बरंही वाटलं. ‘कॉस्टेन सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं आणि दातांची उंची वाढवणारा तो दंतवैद्यच, म्हणून रुग्ण त्याच्या खुर्चीत आला.

१९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी दाखवलं की कॉस्टेन म्हणतात तसं दाबलं जाणं त्या जागेच्या रचनेत बसतच नाही. सिद्धांत कोसळला, उपचार मात्र उभाच राहिला. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उपायाने बरं वाटलं म्हणजे सांगितलेलं कारण खरं, असा तर्क इथे पुन्हा पुन्हा केला गेला आणि दर वेळी तो अंगाशी आला.

दातांना दोष देण्याची जमीन आधीच तयार होती. १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात बेव्हर्ली मॅकॉलम यांनी जबड्याच्या हालचालींच्या अभ्यासासाठी मंडळ स्थापन केलं होतं. दात एकमेकांवर कसे बसावेत याचं गणित त्या परंपरेने फार बारकाईने मांडलं. त्यातूनच पुढे विचार आला की दातांची बैठक आदर्श नसेल तर स्नायू आणि सांधा दुखणारच. मग उंच लागणारे बिंदू कागदाने शोधून घासायचे, नाहीतर सगळ्या दाढांना कॅप बसवायच्या. घासलेलं इनॅमल परत येत नाही, हे मात्र कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

स्प्लिंटची, म्हणजे दातांवर चढवायच्या साच्याची, गोष्ट थोडी वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचे कारोली दात खाण्याच्या सवयीचा हिरड्यांच्या आजाराशी संबंध जोडत होते. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये मारी आणि पिएट्केविच यांनी या सवयीला ‘ब्रुक्सोमानी’ म्हटलं, आजचं ब्रक्सिझम त्यातूनच आलं. आधी व्हल्कनाइट रबराचे आणि पुढे अ‍ॅक्रिलिकचे साचे दातांवर चढू लागले. मिशिगन विद्यापीठात रामफियोर्ड आणि अ‍ॅश यांनी रूढ केलेला स्प्लिंट आजच्या कडक नाइट गार्डचा पूर्वज म्हणता येईल. वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, खालचे दात ज्यावर एकसारखे टेकतात असा सपाट पृष्ठभाग, आणि जबडा बाजूला नेला की फक्त सुळ्याशी संपर्क. त्याचा मोठा गुण म्हणजे तो काढून ठेवता येतो.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लॅझ्लो श्वार्ट्झ यांनी लक्ष दातांवरून चावण्याच्या स्नायूंकडे आणि माणसाच्या मनःस्थितीकडे वळवलं. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी ताण, दात आवळणं, थकलेला स्नायू आणि दुखणं अशी साखळी मांडली. त्यांच्या शिकागोतल्या गटाने १९७६ मध्ये केलेला प्रयोग तर दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला हवा. पंचवीस रुग्णांना दात घासून बैठक नीट करतोय असं सांगितलं. यंत्र फिरलं, आवाज झाला, रुग्णाला सगळं खरंच वाटलं. चावण्याचा पृष्ठभाग मात्र बदललाच नव्हता. दोन वेळा असं केल्यावर पंचवीसपैकी सोळा जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेलं.

याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा लावू नये. हे दुखणं बहुतेकांमध्ये चढतं-उतरतं, माणूस ते जास्त असतानाच डॉक्टरकडे जातो, आणि कुणीतरी नीट लक्ष देतंय एवढ्यानेही स्नायू सैल होतात. मग खरोखर दात घासून बरे झालेले रुग्ण कशामुळे बरे झाले, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचं उत्तर शोधायच्या आत चकती परत आली. १९७० च्या दशकात फॅरर, विल्क्स वगैरेंनी सांध्यात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये दाखवलं की कट् आवाज चकती पुढे सरकल्याने येतो. चकती सरकलीय तर जागेवर आणा, असं म्हणत जबडा पुढे धरून ठेवणारे स्प्लिंट आले. ते रात्रंदिवस महिनोन्‌महिने वापरले की मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा होत. मग ती फट भरायला तारा आणि कॅप. शल्यविशारदांनी चकती शिवली, काढली आणि तिच्या जागी कृत्रिम तुकडे घातले. १९८३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेली, टेफ्लॉनचा थर असलेली व्हायटेक कंपनीची रोपणं चावण्याच्या दाबाने झिजली. त्यांचे कण शरीराने परके मानले, दाह उठला आणि शेजारचं हाडही खाल्लं गेलं. १९९० च्या सुमारास अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा देऊन ती मागे घ्यायला लावली, तोवर हजारो रुग्णांमध्ये ती बसली होती.

एमआरआय आल्यावर आणखी एक धक्का बसला. काहीही तक्रार नसलेल्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश जणांची चकती सरकलेलीच निघाली. १९९१ मध्ये जेरुसलेमच्या डोरिट नित्झान आणि सहकाऱ्यांनी आर्थ्रोसेंटेसिसचा, म्हणजे सांधा सुईने धुण्याचा, अनुभव छापला. सांध्याच्या वरच्या कप्प्यात दोन सुया घालायच्या, एकीतून द्राव आत सोडायचा, दुसरीतून बाहेर काढायचा. अडकलेलं तोंड उघडलं आणि दुखणं कमी झालं, चकती मात्र होती तिथेच राहिली.

पुढची वाटचाल मोठी असली तरी दिशा एकच आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने बहुतेक उपचारांना पुरेसा पुरावा नाही असं म्हणून आधी सौम्य उपाय करायला सांगितलं. निदानाचे निकष १९९२ मध्ये आले, २०१४ मध्ये सुधारले. त्यात सांधा आणि स्नायू तपासण्याबरोबरच चिंता आणि दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात येणारी अडचण यांची नोंद करावी लागते. जबड्याच्या सांध्याच्या आणि चावण्याच्या स्नायूंच्या दुखण्याला आज टीएमडी म्हणतात; या नावाखाली एक नाही, अनेक विकार आहेत, हेही त्यात गृहीत धरलंय.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यासाठी २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापलेली मार्गदर्शक तत्त्वं दंतवैद्यांना बोचणारी आहेत. ठाम शिफारस आहे ती समजावून सांगण्याची, जबड्याच्या व्यायामाची, हाताने केलेल्या उपचारांची आणि दुखण्याकडे बघण्याची सवय बदलणाऱ्या मानसोपचाराची. चकती काढणं आणि दातांची बैठक कायमची बदलणारे स्प्लिंट यांना ठाम नकार आहे. काढता येणारा स्प्लिंट, आर्थ्रोसेंटेसिस आणि बोटुलिनम इंजेक्शन यांनाही नकारच, पण सशर्त. साध्या स्प्लिंटबद्दलच्या या मतावर दंतवैद्यांचं एकमत नाही, आणि त्यांची एक बाजू रास्त आहे. झोपेत दात खाणाऱ्याचं इनॅमल वाचवायला गार्ड लागतोच. फक्त तो दातांच्या रक्षणासाठी दिलाय की दुखण्यासाठी, हे रुग्णाला आधीच सांगावं लागेल.